ड्रायव्हर, कंडक्टर आणि तुझी सायकल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसला सायकलने जायचं म्हणतोस, असं तुझ्या आईकडून कळलं. तिला धास्ती वाटतेय, मला बरं वाटलं. फक्त ती महागडी गिअरवाली कशाला रे? घणसोली ते ऐरोली काही घाट लागत नाही. मडगार्ड-कॅरिअरवाली साधी घे. पावसात शर्टाच्या पाठीवर चिखल तरी उडणार नाही.

खोपट डेपोत असताना आम्ही कंडक्टर ड्रायव्हरांचा हेवा करायचो. त्यांना बसायला हक्काची सीट, आम्ही गर्दीत उभे. निवृत्तीनंतर वाचलं, की जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवाल्यांचा अभ्यास करून १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी! आमच्या युनियनला हे तेव्हाच कळायला हवं होतं. माणूस मात्र प्रामाणिक. १९५६ साली त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या विजारी नोकरीला लागतानाच कमरेत मोठ्या मापाच्या, म्हणजे पोट आधीपासूनच सुटलेलं. मग सगळं श्रेय जिन्याला देता येईना. पुढे इतरांनीही शोध घेतला. २०१७ साली ग्लासगोच्या संशोधकांनी अडीच लाखांवर ब्रिटिश लोकांची माहिती पाहिली, त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. यातही निव्वळ सायकलचा वाटा किती, हे छातीठोक सांगता येत नाही. तरी मला एवढं पुरतं.

विजारीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आपल्याकडच्या पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावा म्हणतात. आजोबांना साखर होती, मला आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, हे तू लक्षात ठेवलेलं बरं.

तीनच दिवस ऑफिस असतं, मग काय फायदा, असं आईला म्हणालास म्हणे. जाताना २५ मिनिटं, येताना २५. तीन दिवसांची १५० झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान तेवढीच मागते. तेही रेस लावून नको. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की झालं. घामाचं म्हणशील तर सोमवारी दोन शर्ट ऑफिसात नेऊन ठेव.

आता रस्त्याचं. ठाणे-बेलापूर रोडवर एमआयडीसीचे ट्रेलर धावतात, तू सेक्टरच्या आतल्या रस्त्यांनी जा. आणि कुठल्याही बस-ट्रकच्या डाव्या बाजूने घुसू नकोस. केबिनमधून तिकडचा सायकलवाला दिसतच नाही. गर्दीत ‘डावीकडे बघा हो’ म्हणून ओरडायला आम्ही कंडक्टर असायचो, ट्रेलरवर कोण असणार? पावसात ब्रेक उशिरा लागतो, गटाराची लोखंडी झाकणं निसरडी होतात. सीट एवढी उंच ठेव, की पॅडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकेल. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. हेल्मेट घातल्याशिवाय निघायचं नाही, ही आईची अट, आणि माझीही.

रविवारी ठाण्याला येशील तेव्हा मात्र लोकलनेच ये. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली जरा पाऊस झाला की पाणी भरतं.

तुझे बाबा