वासुदेवाचं आधार कार्ड

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

गणपतीत बोलायचं होतं, पण घर पाहुण्यांनी भरलेलं. फोनवर विषय काढला की बाबा लगेच "जेवलास का?" वर येतात. म्हणून पत्र.

बाबा, त्या सकाळी दारात वासुदेव आला. आई सुपात जोंधळे घेऊन निघाली, तर तुम्ही तिला उंबऱ्यातच अडवलंत आणि त्याला म्हणालात, "आधी आधार दाखव." त्यानं झोळीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड लगेच काढलं. म्हणजे दारोदारी लोक ते मागत असणार. सांगलीत, आपल्या गावभागात! लहानपणी त्याला घाबरून मी आईमागं लपायचो, तेव्हा हाताला धरून पुढं करणारे तुम्हीच होता.

हे कुठून आलं ते मला दिसतंय. सहा ते दहा तो टीव्ही. चौकटींत चार माणसं भांडतायत, खाली लाल पट्टी.

मी "जाहिरातीत आहे" एवढंच तुम्हाला माहीत. चॅनेलवरची वेळ दहा-दहा सेकंदांच्या हिशेबानं विकत घ्यायची, हे माझं काम. नियमानं तासाला बारा मिनिटं जाहिराती, त्यातली दोन चॅनेलच्या स्वतःच्या. उरलेल्या दहा मिनिटांचा भाव ठरतो टीआरपीवर. 'बार्क' ही संस्था निवडक घरांत मीटर बसवून तो मोजते. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यात घोटाळ्याचे आरोप झाले, तेव्हा बातम्यांच्या चॅनेलांचे आकडे बंद केले, ते थेट मार्च 2022 मध्ये सुरू झाले. मला वाटलं, तेवढा काळ तरी आरडाओरडा थांबेल. कुठला!

जतला वार्ताहर पाठवायचा तर गाडी, कॅमेरामन, मुक्काम. चौघांना घरबसल्या भांडायला लावणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. शिवाय धास्तावलेला माणूस ब्रेकमध्ये उठत नाही. "ब्रेकनंतर पाहा" म्हटलं की तुमच्या ताटातली भाकरी वातड होते. मी एका संध्याकाळी वहीत टिपलं: गुडघ्याचं तेल, आरोग्य विमा, सीसीटीव्ही, परत गुडघ्याचं तेल. साठीच्या पुढचा, घरी बसणारा पुरुष, असं आमच्या कागदावर तुमचं वर्णन असतं. आणि त्यातलं एक तेल, खोटं कशाला बोलू, मीच तिथं लावलंय.

जतचं नाव उगाच घेतलं नाही. त्याच तालुक्यात लवंग्याला सप्टेंबर 2022 मध्ये चार साधूंनी एका पोराला रस्ता विचारला. मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी त्यांना बदडलं. चौकशीत निघालं काय, तर खरेच साधू. अशा अफवा मोबाइलवरून येतात, हे मान्य. पण रोज चार तास संशय घ्यायचा सराव झाला, की त्या पटायला कितीसा वेळ लागतो?

आता आईचा तानपुरा. जवारी लावायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर मोकळा करून घ्यायला, वर्षानुवर्षं मिरजेला त्याच सतारमेकरांकडं न्यायचात. या खेपेला म्हणालात, "त्या लोकांकडं नको, तू पुण्यात बघ." पाहिलं. पुण्यातला दुकानदार म्हणाला, "ठेवून जा, आम्ही जवारीला मिरजेलाच पाठवतो."

तानपुरा माझ्याकडंच आहे. शनिवारच्या गाडीनं घेऊन येतोय. दुपारी मिरजेला जाऊ, बाबा. आई, तूही चल, सूर तुलाच बघायचाय.

तुमचा,
बाळू