झाडांच्या पाट्यांवरील अर्धवट नावे

संपादक महोदय,

ठाण्यातील एका सार्वजनिक उद्यानात झाडांवर नव्याने नामफलक लावले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र आंबा, चिंच आणि कडुनिंब या तिन्ही झाडांच्या फलकांवर मराठी नावाखाली नुसते ‘इंडिका’ असे लिहिले आहे. बहुधा जागेअभावी शास्त्रीय नावातला पहिला शब्द गाळला असावा. ही तिन्ही एकाच कुळातली झाडे का, असे माझ्या नातीने मला विचारले, आणि फलक वाचून दुसरा समज होणे कठीणच होते.

वास्तविक आंबा काजूच्या कुळातला, चिंच शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातली, तर कडुनिंब महोगनीच्या कुळातला आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने रूढ केलेल्या द्विनाम पद्धतीत पहिला शब्द प्रजातीचा (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा) असतो आणि दुसरा त्या प्रजातीतली नेमकी जाती सांगतो. ‘इंडिका’चा अर्थ ‘भारतातील’ एवढाच असल्याने तो शब्द कोणालाही चिकटतो (एके काळी तो मोटारीलाही चिकटला होता). आंबा ‘मँजिफेरा इंडिका’, जमीन पोखरणारी घूस ‘बँडिकोटा इंडिका’ आणि बाजारात मिळणारी दुधी अळिंबी ‘कॅलोसायबी इंडिका’, म्हणजे वनस्पती, प्राणी आणि बुरशी तिघांचाही दुसरा शब्द एकच. लॅटिन लिंगभेदामुळे टिटवीच्या नावात त्याचेच ‘इंडिकस’ आणि तिळाच्या नावात ‘इंडिकम’ होते. चिंचेची तर गंमतच आहे. ‘टॅमरिंडस’ हा शब्द ‘हिंदी खजूर’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला असून त्यापुढे पुन्हा ‘इंडिका’ जोडलेले आहे; झाड मात्र मूळचे आफ्रिकेतले.

पूर्ण नावानेही क्वचित घोटाळा होतो. वनस्पती व बुरशी यांची नावे ठेवण्याची नियमसंहिता एक आणि प्राण्यांची वेगळी असल्याने ‘फायकस व्हेरिगाटा’ हे वड-उंबराच्या प्रजातीतल्या एका झाडाचे नाव आहे, तसेच ते एका समुद्री गोगलगायीचेही आहे.

म्हणून फलकावर मराठी नाव, दोन्ही शब्दांचे शास्त्रीय नाव आणि कुळ, तिन्ही देवनागरीत द्यावीत, अशी विनंती आहे. उद्या खाडीकाठच्या तिवरांनाही पाट्या लागतील, तेव्हा ‘अ‍ॅव्हिसेनिया मरिना’ असे पूर्ण लिहावे. नुसते ‘मरिना’ (म्हणजे ‘समुद्री’) लिहून भागणार नाही; तो शब्द अमेरिका खंडातल्या, समुद्रात न राहणाऱ्या एका भेकाच्या (बेडकासारख्या प्राण्याच्या) नावातही आहे.

– एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे