फाळके स्मारकात चित्रशाळा हवी

एलिमेंटरी, इंटरमिजिएट जवळ आल्या की नाशिकमधले चित्रकलेचे क्लास भरून वाहतात. मुले तयार चित्रांवरून चित्रे काढतात, ग्रेडही मिळवतात. पण समोरच्या तांब्यावर उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, हे शोधायला त्यांना कुणी बसवत नाही, याचे फार वाईट वाटते.

युरोपातल्या जुन्या अटेलिए पद्धतीत, म्हणजे चित्रकाराच्या कार्यशाळेत बसून शिकण्याच्या पद्धतीत, सुरुवातच इथून होते. प्लास्टरचा एक पुतळा, एकाच बाजूचा प्रकाश, हातात कोळशाची कांडी. पुतळ्याशेजारी कागद उभा करायचा, मागे जाऊन दोन्ही ताडून पाहायचे, पुढे येऊन रेष दुरुस्त करायची. एकेक चित्र कित्येक आठवडे चालते. रंग नंतर, तेही आधी करड्या छटांत. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १८८५ मध्ये ज्या जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले, तिथेही पुतळ्यांवरून रेखाटन शिकवले जाई.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात महापालिकेने उत्तरेकडे खिडकी असलेली एक खोली आणि चार पुतळे द्यावेत. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून खिडकीचा आग्रह. वर्षभर परीक्षा नको, प्रदर्शन नको. शिकवायला मी विनामानधन येईन.

– एक निवृत्त कलाशिक्षक, पंचवटी, नाशिक