पासवर्ड बरोबर आहे, एवढं सांगितल्याबद्दल

नमस्कार,

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

आमच्या साइटवर ‘लॉगिन होत नाही’ अशी तक्रार होती, आणि ब्राउझर कुकी ठेवतो की नाही हे कोडने कसं ओळखायचं, ते तुम्ही दाखवलंत. तुमच्याआधी या तक्रारीवर मिळालेली उत्तरं ठरलेली: कॅश साफ करा, दुसरा ब्राउझर वापरा, आमच्याकडे तर चालतंय. (हे शेवटचं म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.) कुकीचं नाव एकानेही काढलं नाही. पासवर्ड बरोबर, सर्व्हरवर सेशन (लॉगिन झाल्याची नोंद) तयार, पण ब्राउझरने कुकी, म्हणजे ती नोंद ओळखायची छोटी चिठ्ठी, ठेवलीच नाही. मग पुढच्या रिक्वेस्टला माणूस सर्व्हरच्या लेखी पुन्हा अनोळखी, आणि पान गुपचूप लॉगिनवर परत.

‘कुकी चालू आहेत का’ याला ब्राउझर स्वतः जे उत्तर देतो, त्या नॅव्हिगेटर.कुकीएनेबल्डवर विसंबू नका, हे तुम्ही पहिल्याच ओळीत सांगितलंत. एका साइटच्या पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटीत (आयफ्रेममध्ये) सफारी कुकी अडवतो आणि वर ‘ट्रू’, म्हणजे ‘चालू आहेत’, असंही म्हणतो; अशा परक्या साइटच्या, म्हणजे थर्ड-पार्टी कुकी तर तो मार्च 2020 पासून सरसकट अडवतोय. म्हणून कुकी स्वतः लिहायची, वाचून बघायची, आणि त्याच पाथने (साइटवरच्या ज्या पत्त्यासाठी ती लिहिली त्याने) मॅक्स-एज, म्हणजे तिचं आयुष्य, 0 देऊन पुसायची. पाथ चुकला तर ती तशीच राहते. सगळं ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे एरर आली तरी कोड थांबणार नाही असं, कारण सँडबॉक्स केलेल्या (मुद्दाम बंधनं घातलेल्या) आयफ्रेममध्ये कुकी वाचण्या-लिहिण्याच्या डॉक्युमेंट.कुकीला हात लावला तरी एरर येऊ शकते. सर्व्हरवरून तपासायचं तर कुकी देऊन रीडायरेक्ट करायचं, म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचं, आणि पुढच्या रिक्वेस्टला ती परत आली का बघायचं. त्याच रिक्वेस्टमध्ये ती सापडणार कुठून? पत्त्यात ‘तपासलं’ अशी खूण हवीच, नाहीतर कुकी बंद असलेला माणूस रीडायरेक्टच्या भोवऱ्यात गरगरतो.

हे कधी ना कधी कुणीतरी सांगितलं असतं. पण कोडखाली तुम्ही न मागता दोन वाक्यं लिहिलीत: ‘तुमचा पासवर्ड बरोबर आहे. ब्राउझरने या साइटच्या कुकी अडवल्या आहेत, त्या सुरू करून पुन्हा प्रयत्न करा.’ आमच्याकडे तिथे ‘अवैध सत्र’ असं होतं. ते वाचून माणूस पासवर्ड बदलतो, तरीही आत जात नाही, आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणून गप्प बसतो. पडद्यापलीकडच्या, कधी न भेटणाऱ्या माणसाला खजील होऊ द्यायचं नाही, हे ज्याला सुचतं त्याच्याशी काम करायला बरं वाटतं. असे फार नसतात.

तुमची दोन्ही वाक्यं आता लॉगिनच्या चौकटीवर आहेत. लाल रंगात नाहीत. चूक ती वाचणाऱ्याची नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात.