आईच्या गुडघ्याबद्दल आणि तिच्या धास्तीबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनचे टाके निघाले, जखम कोरडी आहे, एक्स-रे चांगला आहे. तरी तिसऱ्या आठवड्यात गुडघा ७० अंशांपुढे वाकत नाही आणि तू फोनवर "होईल हळूहळू" एवढंच म्हणतेस. मला वाटतं, अडथळा आता सांध्यापेक्षा धास्तीत जास्त आहे. ही धास्ती म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. ती थेट स्नायूंपर्यंत पोचते.

सांध्यात सूज असेपर्यंत मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदू पूर्ण जोर लावू देत नाही. हे सगळ्यांचंच होतं. त्यात "आता दुखणार" ही भीती आली की मांडीचे पुढचे-मागचे स्नायू एकदम आवळतात. एक वाकवू पाहतो, दुसरा अडवतो. मग जास्त दुखतं, पुढचा व्यायाम टळतो, आणि आत भरून येणारी जखम घट्ट होऊन गुडघा आखडतो. सहा आठवड्यांनंतरही ९० अंश झाले नाहीत, तर कधीकधी भूल देऊन गुडघा वाकवून द्यावा लागतो. ती वेळ आपल्याला येऊ द्यायची नाही.

ताणाने जखमही उशिरा भरते. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या संशोधकांनी, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या बायकांच्या त्वचेवर मुद्दाम साडेतीन मिलिमीटरची जखम करून पाहिली. ती भरायला इतरांपेक्षा सुमारे नऊ दिवस जास्त लागले.

आता व्यायाम असा कर. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी घे. पलंगावर पाय लांब करून पाच श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मग टाच गादीवरून मागे ओढ, पण श्वास सोडताना. श्वास रोखलास की मांडी आवळलीच समज. पाच सेकंद थांब, सोड. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दहापैकी चार-पाच इतकं दुखलं तर चालेल. तासाभरात पहिल्याइतकं खाली यायला हवं. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर निम्म्या वेळा कर, बंद करू नकोस. नंतर कापडात गुंडाळून बर्फ १५ मिनिटं. आणि गुडघ्याखाली उशी नको, कितीही बरं वाटलं तरी. पाय सरळ होत नाही त्याने. टाचेखाली ठेव.

बाबा, हे तुमच्यासाठी. तुम्ही पाण्याचा पेलाही हातात देता. प्रेमाने करता, पण त्यातून तिला रोज कळतं की आपल्याला काही जमत नाही. पेला ओट्यावर ठेवा, वॉकर घेऊन ती जाईल, तुम्ही शेजारी चाला. "दुखतंय का?" ऐवजी "किती वाकला?" विचारा. कालनिर्णयवर रोज तीन आकडे लिहा: किती अंश, घरात किती फेऱ्या, रात्री किती तास झोप. वेदना रोज वर-खाली होते, तिच्यावरून प्रगती दिसत नाही.

झोपेचं फार मनावर घेऊ नका. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांची झोप मोडते, आणि झोप नाही झाली की दुखणं जास्त जाणवतं. दुपारी तीनच्या आत अर्धा तास झोप पुरे. बाबांची झोपेची गोळी आईने घ्यायची नाही. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी चालू असताना तर मुळीच नाही. गुंगीत पडण्याची आणि श्वास मंदावण्याची भीती असते.

देवपूजा सुटली याची खंत तुला पायापेक्षा जास्त आहे, हे मला कळतं. मांडी घालायला मनाई आहे, पूजेला नाही. देव टेबलावर मांडा, हाताच्या खुर्चीत बसून कर. भिशी घरीच ठेव. पण भेटायला येणारे संध्याकाळी पाचनंतर, एका वेळी दोघं. कुणाचं ऑपरेशन बिघडल्याची गोष्ट निघाली की बाबांनी विषय बदलायचा. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचा विचार आत्ता नको; आधी सोसायटीचं फाटक, मग सारसबागेतला सपाट रस्ता.

दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटलं, कशात रस वाटेना, जेवण जाईना, तर सर्जनना स्पष्ट सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मागा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर मात्र ते मनावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच १०८ लावा.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला कालनिर्णयची ती पानं सोबत न्या. आणि आई, रडू येतं हेही डॉक्टरांना सांग. बाबांनी सांगण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं.

तुमची,
लेक