डॉक्टर ताई, तुम्ही कोंबडीची शीट आणायला सांगितली होती

डॉक्टर ताई,

नमस्कार. तुमची इंटर्नशिप संपली आणि तुम्ही उदगीरच्या कॉलेजला परत गेलात, हे मला जनावरांच्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. पिशवीत तुमच्यासाठी अकरा अंडी होती, ती तशीच घरी आणली. तुमचा नंबर मागायला धीर झाला नाही. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते. कोणीतरी तुम्हाला दाखवेलच, आणि तोवर कोंबड्यांच्या पोटातल्या जंतांचं हे सगळं परसात कोंबड्या पाळणाऱ्या दोन-चार बायाही वाचतील.

तो भादव्यातला दिवस मला अजून डोळ्यासमोर दिसतो. दवाखान्यापुढं देवणी बैल, कासदाह झालेली म्हैस, चार-पाच उस्मानाबादी शेळ्या. त्यांच्यात मी खताच्या पिशवीत मेलेली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, घेऊन उभी. एक जण म्हणालाही, "कोंबडीसाठी कुणी दवाखान्यात येतं का?" मी मागं वळणार होते, तेवढ्यात तुम्ही पिशवीत काय आहे ते विचारलंत. नाक मुरडलं नाहीत. "कधी मेली? आज सकाळी? बरं झालं लगेच आणलीत," असं म्हणालात. माझ्या कोंबड्यांबद्दल एवढ्या आस्थेनं कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ.

माझ्याकडं तेव्हा 31 कोंबड्या होत्या, सगळ्या गावरान. महिनाभरात चार गेल्या. मला वाटलं मानमोडीच, म्हणजे राणीखेत रोगच आला. एका दुकानातून पावडर आणून आठ दिवस पाण्यात टाकली, फरक पडला नाही. येत्या बाजारात मिळेल त्या भावानं सगळ्या विकून टाकायचं घरात ठरलंही होतं. ताई, अंड्याचे पैसे हे घरात माझ्या एकटीच्या हातातले पैसे आहेत. बचत गटाचा हप्ता आणि लेकीच्या वह्या त्यातूनच येतात.

तुम्ही औषधाला हात लावायच्या आधी प्रश्न विचारलेत. मान वाकडी होते का? हिरवी शीट पडते का? शिटेत रक्त आहे का? एकदम मेल्या की झुरत झुरत? शेवटच्या प्रश्नाला मी थांबले. झुरतच होत्या. तुरा लाल राहिला नव्हता, पिकल्या पेरूच्या सालीसारखा फिका झाला होता. पंख खाली सोडून भिंतीकडेला उभ्या राहायच्या. दाणे टिपायच्या, पण अंगाला लागायचे नाहीत. अंडी निम्म्यावर आली होती. मग तुम्ही माझं बोट धरून त्या मेलेल्या तलंगीच्या छातीच्या हाडावर फिरवलंत. दोन्ही बाजूचं मांस गेलेलं, हाड विळ्याच्या पात्यासारखं वर आलेलं. पिसांमुळं वरून मला ती भरलेलीच दिसत होती.

नंतर दवाखान्याच्या मागं हातमोजे घालून तुम्ही तिला उघडलंत. आतडं कात्रीनं उभं कापलंत आणि मी तोंडाला पदर लावला. उन्हाळ्यात आम्ही खाटेवर शेवया वाळत घालतो, तशा पांढऱ्या-पिवळट दोऱ्यांचा गुंता आत भरलेला. एकेक जंत माझ्या बोटाएवढा लांब. "हा मोठा गोल जंत, अस्कॅरिडिया. तुम्ही दाणे टाकत होता, ते हे खात होते," तुम्ही म्हणालात. पाच वर्षं कोंबड्या पाळूनही मी हे कधी पाहिलं नव्हतं.

तरी तेवढ्यावर तुम्ही बाटली दिली नाहीत. दुसऱ्या दिवशी जित्या कोंबड्यांची ताजी शीट आणायला सांगितलीत, चार-पाच ठिकाणची, कागदात बांधून. मिठाच्या दाट पाण्यात ती कालवलीत, गाळलीत, नळीत काठोकाठ भरून वर काच ठेवलीत, आणि थोड्या वेळानं मला सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलंत. लांबट गोल, जाड सालीची जंतांची अंडी. शीट बाहेरून साफ दिसली म्हणजे पोटात जंत नाहीत, असं समजू नका, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. तपकिरी, चिकट, घाण वास मारणारी जी शीट बघून मी घाबरायची, ती निरोगी कोंबडीही दिवसातून काही वेळा टाकते, हेही मला तिथंच कळलं.

औषधाचं तुम्ही सांगितलं तसंच केलं. किराणा दुकानाच्या काट्यावर तीन कोंबड्या तोलल्या आणि वजन तुम्हाला कळवलं. त्यावरून तुम्ही पायपेरेझिन या जंताच्या औषधाचं माप लिहून दिलंत. पहाटे खुराड्यातलं पाणी काढलं, तहानेल्या झाल्यावर औषधाचं पाणी दिलं, तेही दोन-तीन तासांत संपेल एवढंच. दुबळ्या तिघींना बाजूला घेऊन ड्रॉपरनं पाजलं, चोचीच्या कडेनं, थेंब थेंब. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, घाई केली तर औषध फुप्फुसात जातं, असं तुम्ही बजावलं होतं. म्हणून सासूबाईंनी कोंबडी धरली आणि मी पाजलं. तुम्ही सांगितलेले दिवस अंडी खाल्ली नाहीत की विकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी खुराड्यात जंत पडलेले दिसले. मला वाटलं, झालं काम. पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की हे औषध मोठ्या जंतांना लागतं, लहान असतात ते आतड्याच्या अस्तरात शिरून बसलेले असतात. अठराव्या दिवशी पुन्हा दिलं. तो दुसरा डोस मी टाळला असता, खरं सांगते. कोंबड्या तोवर टवटवीत दिसायला लागल्या होत्या.

मधेच दोन कोंबड्यांच्या शिटेत तांदळाच्या कणीसारखं काही वळवळताना दिसलं. त्याचा फोटो घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, हा पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत, याला पायपेरेझिन चालत नाही. त्या दोघींना प्राझिक्वांटेल हे दुसरं औषध दिलंत. आणि हा जंत मुंग्या, किडे, भुंगेरे खाल्ल्यानं पोटात जातो म्हणून उकिरडा कुठं आहे ते विचारलंत. उकिरडा खुराड्याला लागूनच होता.

पण तुमचे सगळ्यात जास्त आभार मला न्हाणीसाठी मानायचेत. आमच्या न्हाणीचं पाणी परसात सोडलेलं, आणि तिथल्या ओलीत गांडुळं निघतात म्हणून कोंबड्या दिवसभर तिथंच उकरायच्या. मला ते बरंच वाटायचं. तुम्ही रविवारी गाडी काढून घरी आलात, परसात एक फेरी मारलीत आणि त्या चिखलाशी थांबलात. शिटेतून पडलेलं जंताचं अंडं ओल आणि ऊब मिळाली तर दोन-तीन आठवड्यांत पोटात गेल्यावर वाढायच्या लायकीचं होतं. गांडुळाच्या पोटातूनही ते कोंबडीत पोचतं. फिनाईलनं ते सहजी मरत नाही, जमिनीत महिनोन्महिने टिकतं. त्याला मारतं ते ऊन आणि कोरडेपणा. आपल्या मराठवाड्यात उन्हाची काय कमी! पाऊस पडत नाही म्हणून आपण आभाळाकडं बघत बसतो, आणि घरामागं मी जंतांसाठी बारमाही ओल करून ठेवली होती.

आता न्हाणीचं पाणी पाइपानं शेवग्याच्या आळ्यात सोडलंय आणि आळ्याला जाळी आहे. खुराडं दोन फूट उचललं, खाली पत्रा टाकला, रोज सकाळी शीट खरवडून लांबच्या झाकलेल्या खड्ड्यात टाकते. तिथं खत तापलं की जंतांची अंडी मरतात. दाणे जमिनीवर फेकणं बंद केलं, पाटीत देते. पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवते, कारण तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांनाच जंत जास्त खातात. शेवग्याचा पालाही तुम्ही सांगितल्यापासून रोज टाकते.

सासूबाई लसूण-हळदीवर अडून होत्या, तेव्हा तुम्ही त्यांना खोटं पाडलं नाहीत. "द्या की आजी, लसणानं काही बिघडत नाही, पण एवढे जंत त्यानं पडायचे नाहीत," एवढंच म्हणालात. आणि शेजारणीनं लेकरांच्या पोटात हे जंत जातील म्हणून भीती घातली होती, ती तुम्ही एका वाक्यात घालवलीत. कोंबडीचा हा जंत माणसाच्या पोटात राहत नाही. मात्र शीट हाताळली की साबणानं हात धुवायचे, ते लेकीलाही सवयीचं झालंय.

कॅलेंडरवर जंताच्या औषधाच्या तारखा लिहिल्यात. पावसाच्या तोंडावर एकदा, पाऊस सरल्यावर एकदा, आणि पिल्लांना मानमोडीची लस द्यायच्या आठवडाभर आधी. दर वेळी आधी शीट तपासून घेते. गेल्या वेळी दवाखान्यातले साहेब म्हणाले, औषधाची गरज नाही, तेव्हा मला केवढा आनंद झाला! महिन्यातून एकदा, रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की अंधारात एकेकीच्या छातीवरून बोट फिरवते. हाड बोटाला टोचलं की तिच्या पायात लाल दोरा बांधते आणि सकाळी तिची शीट वेगळी बघते. या महिन्यात एकीलाही दोरा लागला नाही.

27 उरल्या होत्या, आज 44 आहेत. सगळ्यात तांबडी आहे ती, जिला ड्रॉपरनं पाजलं होतं, खुडूक बसलीय. तिच्याखाली तेरा अंडी घातलीत. येत्या गुरुवारी एकविसावा दिवस आहे. तुमचं या बाजूला येणं झालं तर घरी या, पिल्लं बघून जा.

तुमची,
खताच्या पिशवीत तलंग घेऊन आलेली
लातूर जिल्ह्यातली ताई