कायद्यात बसणारा सायलेन्सर मागितला, तर दुकानदार हसला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पोलिसांनी बुलेटचे कर्णकर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोलर फिरवल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. ती पाहून मनातल्या मनात टाळी वाजवणाऱ्यांपैकी मी एक. आम्ही इंदिरानगरात राहतो. रात्री अकरा वाजता कुणी तरी पुंगळी (म्हणजे मुद्दाम आवाज वाढवणारा सायलेन्सर) लावलेली गाडी फटाके फोडत नेतो, आमच्या वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ दचकून उठतं, आणि त्याच्या आईबरोबर आम्हीही जागे राहतो. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे म्हणतात. ती त्या बाळाला कुणी सांगावी?

पण गेल्या महिन्यात माझ्याच मोटारीचा सायलेन्सर बदलायची वेळ आली, आणि वेगळंच कळलं. रोलरखाली जाण्याच्या लायकीचा सायलेन्सर नाशिकमध्ये अर्ध्या तासात मिळतो. सरळ, कायद्यात बसणारा हवा असेल तर आठ दिवस चपला झिजवाव्या लागतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. गाडी 2018 ची, लहान, पेट्रोलची, बीएस-4 (भारत स्टेज-4) प्रदूषण मानकाची. घर ते कॉलेज जेमतेम साडेचार किलोमीटर, त्यातला अर्धा वेळ मुंबई नाक्यावर जातो. आठ वर्षं होत आली तरी गाडी 41 हजार किलोमीटरच चालली आहे, आणि याचा मला अभिमान होता. मेकॅनिकने गाडी वर उचलली, मागच्या डब्यात, म्हणजे सायलेन्सरमध्ये, स्क्रू-ड्रायव्हर खुपसला, तो आरपार गेला. म्हणाला, "मॅडम, गाडी कमी चालवली म्हणून सडली."

हे ऐकून मला माझीच लाज वाटली, कारण हा धडा मी दर वर्षी शिकवते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. मुलांना ते खरं वाटत नाही, पण हायड्रोकार्बनमधला हायड्रोजन जाणार कुठे? एरवी ही वाफ मागून निघून जाते. इंजिनापासून सर्वांत लांब असलेला मागचा डबा साडेचार किलोमीटरांत नीट तापतच नाही, मग वाफेचं पाणी होऊन आतच साचतं, त्यात धुरातली आम्लं विरघळतात, आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. पाणी निघून जावं म्हणून डब्याच्या तळाला एक बारीक भोक असतं. माझ्या गाडीचं ते चिखलाने बुजलेलं होतं. शहरात कमी चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी आठवड्यातून एकदा तरी गाडी गंगापूर धरणापर्यंत न थांबता नेऊन आणावी, असं मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे.

असो. भोक मोठं झालं तशी गाडी ट्रॅक्टरसारखी वाजू लागली. सोसायटीचे वॉचमन काका गंभीरपणे विचारते झाले, "मॅडम, तुम्ही पण पुंगळी लावली?"

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सहा हजार आठशे सांगितले आणि पार्ट यायला बारा दिवस. तेवढे दिवस तो आवाज घेऊन फिरायचं धाडस नव्हतं, म्हणून बाजारात गेले. पहिलं दुकान ॲक्सेसरीजचं होतं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या दुकानातही तोच अनुभव आला. मी म्हटलं, "कायद्यात बसणारा दाखवा." पोरगा हसला. "मॅडम, कायद्यात बसणारा लावायचा तर तुमचा जुनाच वेल्डिंग मारून घ्या ना."

मग त्याने एक चकचकीत पाइप काढला. "हा ई-मार्कचा आहे, फॉरेनचा. एकदम लीगल." वर्तुळात ई आणि आकडा अशी खूण खरंच होती. मी घरी येऊन वाचलं. ही खूण युरोपात चालणाऱ्या मान्यतेची असते, आणि आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा. 1 म्हणजे जर्मनी, 4 म्हणजे नेदरलँड्स. बदली सायलेन्सरला ही मान्यता ठरावीक मॉडेलच्या गाडीवर तपासून मिळते. माझी गाडी त्या यादीत असण्याचं काही कारण नाही, आणि असती तरी आपल्याकडचे नियम त्या वर्तुळामुळे सुटत नाहीत. दुसऱ्या एका पाइपवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘फक्त ट्रॅकवर वापरासाठी’. नाशिकमध्ये मला एकच ट्रॅक माहीत आहे, आमच्या घराजवळचा, आणि त्यावर सकाळी आजी-आजोबा चालतात.

आवाजाबद्दल विचारलं तेव्हा त्याने नळीच्या तोंडात बसवायची आवाज दाबणारी एक जाळीची नळी दाखवली. तिला डीबी किलर म्हणतात. एका बोल्टवर बसते, दोन मिनिटांत निघते. "पोलीस दिसले की लावायची." मग मोबाइलवर ॲप लावलं, गाडी सुरू केली आणि 84 आकडा दाखवून म्हणाला, "बघा, 85 च्या आत, म्हणजे लिमिटमध्ये." किती अंतरावरून? कोणत्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या असताना? मोबाइलचा माइक कुणी प्रमाणित केला? या प्रश्नांवर तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच आरटीओची माणूस आहे. आपल्याकडे नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीला नवी असताना 74 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती गाडी वेग घेत जात असताना साडेसात मीटरवरून मोजतात. हातभर अंतरावर उभी गाडी गुरगुरवून काढलेल्या 84 चा त्याच्याशी काही संबंध लावता येत नाही. शिवाय डेसिबल म्हणजे मार्क नव्हेत. दहाने आकडा वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट झालेली असते.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण तिसऱ्या दुकानात जे झालं, त्यासाठी हे पत्र आहे.

तिथला माणूस गाडीखाली डोकावून म्हणाला, "हा मधला डबाच काढून टाकू. गाडी मोकळी होईल, पिकअप वाढेल. आणि डबा आमच्याकडे ठेवलात तर बिलात दोन हजार कमी." मधला डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत कॅट. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. या धातूंची किंमत त्या माणसाला चांगली ठाऊक होती, म्हणून तर दोन हजार सोडायची तयारी! या जाळीवर कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं इंधन जळतं, नायट्रोजनची ऑक्साइडं मोडतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. सिग्नलला माझ्या गाडीमागे स्कूटीवर पुढे उभं राहिलेलं एखादं पोर असतं, त्याच्या नाकाच्या उंचीवर माझा धूर येतो.

मी विचारलं, कॅट काढल्यावर चेक इंजिनचा दिवा लागेल ना? कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, मागचा लगेच तक्रार करतो. तर त्यावरही तोडगा तयार. मागचा सेन्सर एका पोकळ नटावर उंच बसवायचा, म्हणजे त्याला काही कळत नाही. "आणि पीयूसी?"

"ते आम्ही बघतो."

आता कायदा पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज आणि धुराची मानकं मोडल्यास कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स गेलं. हे भोगायचं कुणी? मी. ज्याने डबा काढला, धातू विकले, सेन्सरला चकवलं आणि बिलावर नुसतं ‘ॲक्सेसरी’ लिहिलं, तो संध्याकाळी शटर ओढून घरी. रोलरखाली गेलेल्या सायलेन्सरची छायाचित्रं मी बरीच पाहिली, विकणाऱ्या दुकानाचं एकही पाहिलेलं आठवत नाही.

माझा भाचा म्हणाला, "मावशी, कायद्याचं जाऊ दे, थोडा बेस तरी घे." त्याच्या मित्राने अशाच लहान गाडीला बावीस हजारांचा फ्री-फ्लो, म्हणजे धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर, बसवला होता. इगतपुरीला जाता-येता अडीच हजार आरपीएमला गाडीत अशी घुमघुम की मागे बसलेल्यांची डोकी उठली. घुमणारा आवाज शोषणारा डबा, म्हणजे रेझोनेटर, काढल्यावर दुसरं काय होणार? पिकअपचं म्हणाल तर मुंबई नाक्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो कुणाला दाखवायचा, हेही मला कुणी सांगावं.

शेवटी काम झालं ते एका जुन्या स्पेअर पार्टवाल्या काकांकडे. त्यांनी आधी मॉडेल आणि साल विचारलं, मग जुना डबा काढून आणायला लावला आणि नव्याशेजारी जमिनीवर ठेवला. पाइपचा व्यास, डब्याची लांबी, हँगरच्या सळ्या, तोंडाची दिशा, सगळं जुळवलं. नियमानुसार मोटारीचा धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मग माझ्या हातात दोन वेगवेगळे डबे दिले. एक हलका होता. "आत पडदे कमी. वाजणार." जड घेतला. मी ऐटीत चुंबक लावून पाहिला, तो चिकटला, म्हणजे स्टेनलेस नाही म्हणून तोंड वाकडं केलं, तर काका म्हणाले की कंपनीच्या डब्यालाही लावून बघा. त्यालाही चिकटला! गाड्यांच्या सायलेन्सरला बहुधा 409 जातीचं स्टेनलेस वापरतात, आणि ते चुंबकाला चिकटतं. रसायनशास्त्राच्या बाईंना हे माहीत असायला हवं होतं.

डबा बत्तीसशेचा, एक गॅस्केट, दोन रबर, पाचशे मजुरी. कॅटला हात लावला नाही. बिलावर गाडीचं मॉडेल, साल आणि ‘मूळ रचनेप्रमाणे बदली सायलेन्सर’ असं लिहून मागितलं, तेव्हा काका म्हणाले, तीस वर्षांत असं मागणारं पहिलंच गिऱ्हाईक.

तेच बंधनकारक करावं, एवढी माझी मागणी आहे. सायलेन्सर विकणाऱ्याने कोणत्या गाडीसाठी विकला आणि तो रस्त्यासाठी आहे की नाही, हे बिलावर सही-शिक्क्यानिशी लिहावं, म्हणजे गाडी अडवल्यावर पोलिसांना दुकानाचाही पत्ता हातात मिळेल. कॅट काढून ठेवणाऱ्या गॅरेजवर आधी धाड पडावी. वर्षातून एकदा पीयूसीसाठी आपण धूर मोजून घेतोच, तिथे आवाज कुणी मोजत नाही. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात महिन्यातून एक दिवस तरी प्रमाणित मीटर लावून, दंडाची भीती न दाखवता, ज्याला हवा त्याच्या गाडीचा आवाज मोजून द्यावा. मी पहिल्या रांगेत उभी राहीन.

जुना डबा मात्र मी भंगारात दिलेला नाही. अंबडमधला एक वर्कशॉपवाला तो उभा कापून द्यायला तयार झाला आहे. आतले पडदे आणि गंज अकरावीच्या मुलांना ज्वलनाच्या धड्याला दाखवायचा आहे. त्यातले निम्मे तरी पुढच्या वर्षी गाडी घेणार आहेत.

आपली,
एक शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक